अठरा हातांची आई आणि माझ्या गळ्यातली गाठ

शाळा माझी दुसरीपर्यंत, जमेल तसं लिहितो. गेल्या चैत्रात सप्तशृंगी आईवर माझा राग होता. जन्म गवंडीकामात गेला, दर चैत्राला गडाच्या सगळ्या पायऱ्या कुणाचा हात न धरता चढलो, आणि आता हाडं अशी ठणकायची की खाटेवरून उठवेना. तहान भागेना. मुतखडा दोनदा झाला. वयामुळं होतं म्हणे! मग हाडांसाठी मीच रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना ताकातून घ्यायला लागलो. सूनबाई नको म्हणायची. मी कुणाचं ऐकतो?

गडावर पोरगा म्हणाला, "दादा, पायऱ्या नको, डोंगर चढणाऱ्या ट्रॉलीनं जाऊ."

"ट्रॉलीत सामान जातं," मी म्हणालो, आणि निम्म्या पायऱ्यांवर मटकन बसलो. सूनबाईनं हात पुढं केला, तो झिडकारला.

शेजारी ओटीचं ताट घेऊन एक बाई टेकली होती. तिनं विचारलं, "बाबा, लय तहान लागती का? मुतखडा झालता?"

"तुला कोणी सांगितलं?"

"मला बी असंच व्हतं." पदर सारून तिनं गळ्यावरची ऑपरेशनची बारीक खूण दाखवली. "रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या. आन् चुना खात असाल तर आधी बंद करा."

चुन्याचं मी तिच्यापाशी काढलंही नव्हतं. सूनबाई म्हणाली, "आता तरी ऐका!" त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा दर्शनावाचून खाली उतरलो.

नाशिकला तपासलं, कॅल्शियम खूप वाढलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. तुमची एक बोराएवढी फुगलीय, ती हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढतेय. कॅन्सर नाही, पण काढावी लागेल. आणि वर तुम्ही चुना खाताय!" मी मान खाली घालून ऐकून घेतलं. ऑपरेशनच्या टेबलावर पडलो तेव्हा आईला म्हणालो, माझं शहाणपण संपलं, आता तू बघ.

गाठ निघाली. ठणका हळूहळू ओसरला.

औंदा चैत्रात शेवटच्या पायरीपर्यंत चढलो! ती बाई दिसते का, पायरीपायरीवर बघत गेलो. नाही दिसली. पण वर आईपुढं उभा राहिलो आणि उमगलं. अठरा हातांच्या आईच्या दारी येऊन मी इतकी वर्षं माझे दोनच हात पुरे म्हणत होतो. तिनं आपल्या अठरांतला एक गेल्या साली निम्म्या वाटेवर पुढं केला होता.

उतरताना मीच सूनबाईचा हात धरला. पाय खणखणीत होते, तरी धरला.