धुरपताची दवंडी

गोमाजी कोतवाल दम्यानं गेला तेव्हा गाव हळहळलं, पण आता दवंडीचं काय, असं कुणाच्या मनातही आलं नाही. येणार कसं? शेवटची कितीतरी वर्षं गोमाजी चौकात नुसतं डफडं वाजवी आणि शेजारी उभी राहून ओरडे ती त्याची बायको, धुरपता. धानाच्या बांधीत हाका मारत वाढलेला तो गळा. तिनं चौकात तोंड उघडलं की तळ्यावर म्हशी धुणारे माना वर करत. पण दवंडी म्हणायची ती गोमाजीचीच.

चौऱ्याऐंशी साली धुरपतानं मोहाडीच्या तहसील कचेरीत जाऊन कोतवालाच्या जागेसाठी अर्ज दिला, तेव्हा पोलीस पाटील मारोतराव असे दचकले, जणू तिनं त्यांची खुर्चीच मागितली.

"बाईमाणूस कोतवाल?" ते पारावर म्हणाले. "बाईनं डफडं वाजवलेलं पाह्यलं हाय का कोणी?"

त्यांचा भाचा ताराचंद रिकामाच होता आणि ती जागा त्याला मिळावी, असं मामांनी कधीचं ठरवून टाकलं होतं. ताराचंदला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

धुरपताला ती जागा हवीच होती. पगार तुटपुंजा, पण बारमाही. रोवणी आणि कापणी आटोपल्यावर एकट्या बाईनं खायचं काय? शिवाय नवऱ्याच्या नावावर तेच काम चाललं आणि स्वतःच्या नावावर चालत नाही, हे तिला फार झोंबलं होतं.

तक्रार घेऊन मोहाडीला गेलेल्या पाटलांना नायब तहसीलदारांनी सरळ सांगितलं, "बाई आहे म्हणून सरकारी नोकरी नाकारता येत नाही, पाटील. कायदाच आहे तसा. हां, तिला काम झेपत नसेल तर गावासमोर दाखवून द्या. बुधवारी मी येतो."

पाटील खुशीत परतले. बुधवारच्या सभेला गाव भरगच्च हवं, म्हणून मंगळवारी त्यांनी ताराचंदच्या गळ्यात डफडं अडकवून त्याला चौकात धाडलं. ताराचंद वाजवायचा बरा, पण बोलायची वेळ आली की त्याला घाम फुटे. तो जे काही पुटपुटला, ते पुढ्यातल्या शेळीलासुद्धा कळलं नसावं. गाव आपल्या कामात. दिवस कलला तसे पाटील हवालदिल झाले आणि शेवटी डोकं खाजवत धुरपताच्या अंगणात येऊन उभे राहिले.

"धुरपता, उद्याच्या सभेची दवंडी देऊन दे ना व."

"कायची सभा जी?"

पाटलांनी घसा साफ केला. "तुले कोतवाल करू नये, त्याची."

 हसू आवरेना म्हणून धुरपतानं पदर तोंडाशी धरला.

"देतो ना जी. पण डफडं मीच वाजवीन."

"वाजव माय, पण जा लवकर!"

आणि गावानं ऐकलं, "ऐका हो ऐका! उद्या सकाळी शाळेपुढं सभा हाय! धुरपताबाईले कोतवाल करू नये, याच्यासाठी सभा हाय! सप्पा जण या होऽऽ!" तिनं एक शब्द गाळला नाही की पदरचा घातला नाही. बाया चुलीवरचं तसंच टाकून दाराशी आल्या.

बुधवारी शाळेपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. साहेबांनी गर्दीवरून नजर फिरवली. "वा! दवंडी कुणी दिली, पाटील?"

पाटील आपल्या चपलांकडे बघू लागले. उत्तर दिलं ताराचंदनं, आणि जन्मात पहिल्यांदा खणखणीत आवाजात. "धुरपताबाईनं, साहेब! मले नाही जमलं."

सभा खो खो हसली. साहेबही हसले. "मग पाटील, बाईंना झेपत नाही ते काम कोणतं?"

साहेबांनी तिथंच धुरपताची नेमणूक केली. नेमणूक झाली की तीही दवंडीनंच गावाला कळवायची, ही जुनी रीत. धुरपता चौकात उभी राहिली, डफडं घुमवलं. "ऐका हो ऐका! आजपासून गावची कोतवाल..." आणि ती थांबली. सभेच्या दवंडीत बेधडक घेतलेलं तेच नाव आज तोंडातून निघेना. डोळे भरून आले. दाराशी उभ्या बाया वाट बघत राहिल्या. तिनं पदरानं डोळे पुसले, डफड्यावर पुन्हा काडी मारली आणि स्वतःचं नाव तळ्यापर्यंत पोचेल असं घेतलं.