जपानी ससा आणि एकवीस दिवस

संतपूरपासून दोन कोसांवरच्या त्या गावात नागूबाईला कुणी नावानं ओळखतच नव्हतं. चोरटी म्हणायचे. ती गाव सोडून सोळा वर्षं झाली तरी म्हणायचे. आणि चोरलं काय होतं म्हणे? तर एक ससा. तोही मातीचा!

गावातल्या उद्धवरावांच्या बैठकीत, लिहायच्या मेजावर तो ससा असायचा. लिंबाएवढा, पांढराशुभ्र, पायाखाली निळ्या लाटा. त्यांच्या आजोबांनी हैदराबादेत एका नवाबाच्या लिलावातून आणलेला, जपानचा जुना माल. दौतीतली शाई घट्ट झाली की ससा तिच्यावर तिरपा धरायचा. पाठीवरच्या भोकावर दाबलेलं बोट उचललं की तोंडातून एक थेंब पडायचा, बोट ठेवलं की थांबायचा. एक कान कधीतरी तुटला होता, तो लाखेनं चिकटवलेला. जपानच्या सशाला गावठी लाखेचा लाल कान! पोरासोरांनासुद्धा तो ठाऊक होता.

नागूबाई धनगराघरची सून, तेव्हा एकोणीस वर्षांची. बैठक झाडायची आणि सशाच्या पोटात पाणी भरायची. एका सकाळी ससा नव्हता. उद्धवराव आणि त्यांच्या थोरल्या भावाचा तेव्हा पाटीलकीवरून तंटा चालला होता. थोरल्यानं विचारलं, "आजोबांचा ससा कुठाय?" उद्धवरावांनी पापणी न हलवता नागूबाईकडं बोट केलं.

तिनं खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलला. ताटातल्या हळदीत हात बुडवायचा, मूठ भरून वर धरायची आणि खरं ते बोलायचं. हात बुडला की शपथ लागली. मग एकवीस दिवस गाव डोळ्यांत तेल घालून बघतं. तेवढ्यात घरात काही वाईट झालं, तर शपथ खोटी. नवव्या दिवशी तिची सासू म्हाळसाबाई मेली. अहो, म्हातारी दोन वर्षं खोकत होती! हातभर अंतरावरून मरण दिसत होतं! पण ते कोण ऐकणार? देवानं निकाल दिला म्हणाले. नवऱ्यानं, रामलिंगनं, तिचं गाठोडं स्वतःच्या हातानं दाराबाहेर टाकलं.

चालत चालत ती चिटगुप्प्याला गेली आणि निजामाच्या एका बड्या साहेबाच्या बंगल्यावर झाडलोटीला राहिली. दोन महिने झाले असतील. साहेबाचं मेज पुसताना कागदांच्या मागं ससा दिसला. निळ्या लाटा. लाखेचा कान.

साहेबाच्या बेगमेला तिनं जीव मुठीत धरून विचारलं. बेगम सहज म्हणाली, "वो? उद्धवराव लाया था, पाटीलकी मिली तब. नजराना."

असं होतं तर! पाटीलकीसाठी आजोबांचा ससा साहेबाला दिला, भावाला सांगायची छाती नाही, म्हणून गरिबाच्या सुनेच्या कपाळी चोरी मारली. दुसरी असती तर तिथंच ऊर बडवून घेतलं असतं. नागूबाईनं सशाच्या पोटात पाणी भरलं आणि तो जागेवर ठेवला. साहेबाच्या मेजावरची वस्तू दाखवून साहेबाच्याच माणसाला खोटं पाडायचं? कोण ऐकून घेणार होतं तिचं?

सोळा वर्षं तिनं तो ससा रोज पुसला. पुसताना रोज उद्धवरावांचं नाव घ्यायची आणि नावापुढं जे जोडायची ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. आजारी पडली तरी सुट्टी नाही. आपण नसताना ससा फुटला तर? त्या सशापायी ती जगली, हेच खरं.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं आणि साहेबाच्या बंगल्यात पेट्या भरल्या जाऊ लागल्या. जाताना बेगम म्हणाली, "माँग, क्या होना?" नागूबाईनं ससा मागितला. बेगम हसली. म्हणाली, "पगली, कान टूटा है उसका." आणि दिला.

चंपाषष्ठीच्या जत्रेला अख्खा गाव देवळासमोर बसला होता. नागूबाई भंडाऱ्यानं शिगोशीग भरलेलं ताट घेऊन मधोमध आली. कुजबूज झाली. उद्धवराव पाटील पहिल्या ओळीत, मांडी घालून.

"मालक," ती म्हणाली, "ससा चोरीलाच गेलता, एवढं भंडारा उचलून म्हणा. मी हितं नाक घासते आन् जाते. पुन्हा तोंड दाखवनार न्हाई."

पाटील हसले. धनगराच्या बाईसमोर कचरायचं, तेही सगळ्या गावादेखत? त्यांनी बाही वर केली, मनगटापर्यंत हात हळदीत घातला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माझा ससा चोरीला—"

आणि थांबले.

बोटांना काहीतरी गार लागलं होतं. गुळगुळीत पाठ. पाठीला भोक. एक कान खरबरीत.

"उचला की मालक," नागूबाई म्हणाली. "हात कामून थांबला?"

पुजारी बंडेप्पा म्हणाला, "उचला, पाटील." पाटलांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी हात हळूच बाहेर काढला. रिकामा.

"मग मीच उचलते. दुसऱ्यांदा," नागूबाई म्हणाली. तिनं ताटात हात घातला, मूठ वर धरली आणि बोटं उघडली. पिवळाधमक ससा. तिनं पदरानं कान पुसला. लाख दिसली. पाटीलकीचा नजराणा, बेगमेचं बोलणं, सगळं तिनं एका दमात सांगितलं. उद्धवरावांचा थोरला भाऊ उठून उभा राहिला.

"हात बुडला, शपथ लागली," नागूबाई म्हणाली. "एकवीस दिवस मोजा आता!"

ती पाटलांच्या दारासमोरच्या ओट्यावर जाऊन बसली. सशाला शेजारी ठेवून. पाटील दिसले की अगदी मऊ आवाजात विचारायची, "मालक, घरी समदे बरे हायत न्हवं?" बस, एवढंच. पाटलीणबाई शिंकली तरी गल्ली वळून बघायची. नात तापली तर पाटील वैद्याला मागच्या दारानं आणू लागले. सोळाव्या दिवशी त्यांनी गाडी जुंपली, बायकापोरं घेतली आणि भालकीला पाहुण्यांकडं निघून गेले. नागूबाई हलली नाही. रोज संध्याकाळी ती कुलपालाच विचारायची.

एकविसाव्या दिवशी रामलिंग आला. केस पांढरे, मान खाली. "नागू," तो म्हणाला, "झालं गेलं सोड. चल घरी. माझी दुसरी बायकूबी तुला अक्का म्हनंल. तुझी जागा हाय."

नागूबाईनं सशाला पदरात गुंडाळलं, उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांत बघून तितक्याच मऊ आवाजात विचारलं, "घरी समदे बरे हायत न्हवं?"