चपलांची रांग

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आम्ही नंबराला चपला लावतो आणि भिंतीला टेकून बसतो. आज बघितलं, तर गावातल्या दोन्ही पक्षांच्या माणसांच्या चपला एकमेकींना खेटून होत्या. कुणी कुणाची सरकवली नव्हती.

समोर टीव्हीवर विधानसभा चालू होती. दारात आलेल्या आजाऱ्याला कुठल्याच दवाखान्यानं परत पाठवायचं नाही, असा कायदा करायचाय म्हणे. श्रेय कुणाचं यावर भांडून दोन्ही बाजू आजही उठून गेल्या.

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण एवढं कळतं, की ज्यांना उठून जाता येतं त्यांच्या घरात कुणी आजारी नसावं. माझ्या मंडळीला दोन मोठ्या दवाखान्यांनी दारातूनच परत लावलंय. तिच्या पायाची सूज रोज वर चढते, म्हणून आज तिला घेऊन इथं आलोय.

शिपाई आला. "बाबा, डॉक्टर बैठकीला गेलेत. उद्या या."

"उद्या येईन की. पण आज जाणार नाही."

"बसून काय होणार?"

"तुम्हाला दिसत राहू."

मंडळी हसली. "लग्नात रुसले तेव्हाही यांना उठवायला चौघे लागले होते," असं त्याला सांगून तिनं सुजलेले पाय लांब केले आणि माझ्या शेजारी नीट टेकून बसली.