आत्याच्या पोटातली गाठ

माझ्या अंडाशयातली गाठ कर्करोगाकडे झुकते का, हे डॉक्टर अधूनमधून सोनोग्राफीत पाहतात. पन्नासच्या दशकात चांदा जिल्ह्यातल्या सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यात विधवा आत्याचं पोट वाढलं, तेव्हा आत पाहायची सोयच नव्हती. तिच्या दिरानं तिला माझ्यादेखत बांधावर पाडून लाथा घातल्या.

"कोनाचं हाय, सांग!"

"कोनाचंच नाई, भाऊजी! मले दुखून राह्यलं!"

धान कापणारी माझी आई विळा घेऊन धावली. त्याच्या मानेला विळा लावून तिनं त्यालाच बैलगाडी हाकायला लावली. चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आत्याचं पोट चिरलं. लाथांनी फुटलेली गाठ आईनं आत्याच्या दिराला दाखवली. तो तिथंच ओकला. आत्या वाचली नाही.