विमल पळाली

विमल हसतमुख नव्हती. कृपया ते लिहिणं थांबवा.

काल दुपारी ती गेली. तेव्हापासून आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर हसतमुख, सोज्वळ, आदर्श गृहिणी असं सगळं येतंय. आणि त्याखाली ओळीने रेस्ट इन पीस.

रेस्ट!
सगळं आयुष्य लोकांनी तिला रेस्टच तर दिली.

विमल पळायची. हे कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितेय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा पाटबंधारे खात्यात, बदली सावली गावाजवळच्या एका खेड्यात. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, काठावर आमचं क्वार्टर. मी नागपूरला कॉन्व्हेंट आणि कॉलेज संपवून घरी आलेली. विमल शेजारच्या मास्तरांची मुलगी.

माझे पांढरे कॅनव्हासचे बूट उन्हात वाळत होते. तिने विचारलं, यानं काय करता?
म्हटलं, पळते.
"कोणाच्या मांगं?"
कोणाच्या नाही गं. असंच.

"असंच," ती म्हणाली. जणू तो शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी भावाच्या बुटांत कापूस कोंबून ती पहाटे दारात उभी.

तलावाच्या गेटापासून नहराच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, पळायचं. वीरगळांची चिंच, मग काळ्या दगडांचं पडकं देऊळ, तिथून परत. पुढे पाळ वैनगंगेकडे जायची. नदीपलीकडे मार्कंड्याच्या देवळांची शिखरं.

जत्रेला ती मार्कंड्याला कितीदा गेली होती. बैलबंडीत, एसटीत, कुणाच्या तरी मांडीवर.
"एकदा आपल्या पायानं," ती म्हणायची. "पळत. मधी कुठी न थांबता नदीवर."

एवढंच हवं होतं तिला. बाकी काही नाही.

पहिल्याच दिवशी धानाच्या बांध्यांतून चार माणसं काठ्या घेऊन आमच्याकडे धावत आली. कुठी हाये, कुठी हाये, करत.
वाघ. आमच्याकडे माणूस पळतो तो वाघ मागे लागल्यावर, नाहीतर घराला आग लागल्यावर.

विमलने धापा टाकत सांगितलं, वाघ नाही भाऊ, आम्ही अशाच पळतोय.
त्यांतला म्हातारा वैतागून म्हणाला, "अशाच काऊन पळता बाई? आमी भाकर सोडून आलो ना."

मग एका आजीने तोडगा सांगितला. मार्कंड्याचा नवस आहे म्हणावं, कोणी विचारत नाही.
मला तो फारच आवडला. दोन दिवस मी बिनधास्त सांगत सुटले. लोक वाट द्यायला लागले. एकीने तर गूळ-पाणी दिलं.

विमल भडकली. मास्तरांचं घर छप्पन सालापासून बौद्ध.
"आमच्या घरी नवस नसते. अन् असता तरी मी नवसाले पळत नाई. मी पळण्यासाठी पळतो. काऊन सांगू खोटं?"

म्हणून ती प्रत्येकाला खरंच सांगत राहिली. असंच.
आणि प्रत्येक जण तिच्याकडे डोकं फिरल्यासारखं बघत राहिला.

माघ महिन्यात मला मलेरिया झाला. एका सकाळी ती एकटीच निघाली. देवळापाशी वळली नाही. पुढेच गेली.

वाटेत एका सायकलवाल्याने तिला पाहिलं. गावात येऊन पानठेल्यावर त्याने सांगितलं, "मास्तरची विमल नदीकडे पळून राह्यली."
त्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे 'पळून राह्यली' म्हणजे पळतेय, आणि ती पळतच होती.

पण पानठेल्यावरून बातमी बसस्टँडवर गेली, आणि वाटेत कुठेतरी 'राह्यली' गळालं.
मास्तरांच्या कानावर आलं ते, विमल पळून गेली.

एका शब्दाने मुलीचं आयुष्य फिरतं का? आमच्याकडे फिरतं.

मास्तर आणि तिचा काका सायकली काढून निघाले. ती सापडली शेवटच्या चढावर. एकटी. घामाने चिंब. समोर नदी.

त्या संध्याकाळी ती माझ्या खाटेवर बसून हे सगळं सांगत होती. रडत नव्हती. दात आवळलेले होते.
ती त्यांना म्हणाली होती, "बाबा, नदी दिसून राह्यली. थोडंसंच राह्यलं. तेवढं पळू द्या."

काका म्हणाला, बस कॅरिअरवर.
मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, मले समजते. लोकायले नाई समजत."

मला काकाचा राग नाही आला. मास्तरांचा आला. अजून आहे. ज्याला समजतं, त्याने तरी सायकल बाजूला घ्यायची ना?

गावात पुढे बरेच दिवस थट्टा चालली. पळून गेली तं संगं कोणी पाह्यजे ना, एकटीच कशी पळाली?
नळावर एका बाईने तोंडावर विचारलं तेव्हा विमल म्हणाली, "मले माणूस नाई पाह्यजे होता. नदी पाह्यजे होती."

उन्हाळ्यात लग्न लागलं. भद्रावतीची फॅक्टरी कॉलनी. नवरा सज्जन, मुलं गुणी. संध्याकाळी बायकांबरोबर कॉलनीच्या रस्त्यावर फेऱ्या. हळूहळू चालत.

आता तिकडे नहराच्या पाळीवर सकाळी पोरी पळतात. फोटो येतात. टी-शर्ट, चांगले बूट, मागे वीरगळ. कोणी काठी घेऊन येत नाही. छान वाटतं, आणि चिडचिडही होते. दोन्ही एकदम.

मागच्या हिवाळ्यात मी तिला म्हटलं, चल, गाडीने जाऊ, नदी बघून येऊ. गुडघे गेलेले होते तिचे तेव्हा.
"गाडीनं नोको," एवढंच बोलली. मग चहा टाकायला उठली.

आज तिच्या मुलाचा फोन आला. बॅनरवर आईबद्दल काय लिहू, मावशी?
मी म्हटलं, विमल पळायची, असं लिही.
तो म्हणाला, आई? कधी?

त्याला ठाऊकच नव्हतं.

विमल, आता मागून कोणाची सायकल येत नाही.
नदी दिसून राह्यली. थोडंसंच राह्यलं.
रेस्ट घेऊ नकोस.

जयभीम. पळ.