गिरणीच्या जागेवरची हरकत

माझे थोरले दीर कापडगिरणीत मागांचे फिटर होते. गिरणी बंद पडून जमाना झाला, तरी गल्ली त्यांना फिटरकाकाच म्हणते. आमची गल्ली गिरणीच्या मागच्या भिंतीला चिकटून आहे. लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं, इथं घरोघरी भांडणं चाललीत. मग कळलं, "मीठ संपलंय" हेसुद्धा इथं असंच ओरडून सांगतात. मागांच्या खडखडाटात जन्म काढलेली माणसं ती. समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणार, आणि नाही कळलं तर हसून मान डोलावणार. कमी ऐकू येतं असं मात्र कुणी कबूल करणार नाही. "फिटरचं खरं हत्यार कान," भाऊजी छाती काढून सांगायचे. जाऊबाई पदराआड हसायच्या.

गिरणीच्या जागेवर डेटा सेंटर येणार असं कळलं. म्हणजे कंप्युटरची अवाढव्य गोदामं, आणि ती थंड ठेवायला रात्रंदिवस फिरणारे पंखे. पंखे नेमके आमच्या भिंतीकडे. आमच्या मागच्या खोलीत भाऊजींची सून दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन झोपते. भाऊजी भडकले. "माझ्या नातीच्या उशाशी घरघर? बघतोच!"

ज्यांनी लेखी हरकत नोंदवली त्यांनाच मंजुरीआधीच्या सुनावणीत बोलता येणार होतं. भाऊजींनी सह्या गोळा केल्या त्या आपल्या जुन्या सोबत्यांच्या. मी म्हटलं, "माझीही घ्या की." तर म्हणाले, "तू कशाला दगदग करतेस? आम्ही आहोत ना!" गल्लीतल्या सगळ्याच बायकांना असंच सांगितलं. आम्हीही म्हटलं, बरं.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत इस्त्रीचे शर्ट घालून गिरणीतली सगळी मंडळी, मधोमध भाऊजी. मागे मी, जाऊबाई आणि बाळाला घेतलेली सून. नगररचना समितीपुढे कंपनीच्या बाईंनी एक मोठा स्पीकर ठेवला. "रात्री तुमच्या भिंतीशी एवढाच आवाज येईल," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

आवाज मोठा नव्हता, पण दाढेत उतरला. खोल, एकसुरी घरघर. खुर्चीचा लोखंडी हात थरथरतोय असं वाटलं. बाळ दचकून रडायला लागलं. पहिली रांग मात्र देवळात बसल्यासारखी शांत.

अध्यक्षांनी भाऊजींकडे बघून विचारलं, "बोला काका, काय म्हणणं आहे?"

"आधी सुरू तर करा!" भाऊजी गरजले. "की मी येऊन दुरुस्त करून देऊ?"

सभागृह खो खो हसलं. मलाही वाटलं, टोमणा मारतायत.

"अहो, सुरूच आहे," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हाला ऐकू येत नाही?"

भाऊजींनी शेजारच्या जाड्या रंगाऱ्याला कोपर मारलं. "तुला येतंय का रे?"

"छे! डासाएवढंसुद्धा नाही."

पलीकडच्यानेही ऐटीत नकारार्थी मान हलवली. त्याच्या पलीकडच्यानेही. मी ताडकन उठले. "अहो साहेब, वाजतंय! चांगलं वाजतंय! हे बाळ रडतंय बघा!"

"तुमची हरकत नोंदवलेली आहे का, ताई?"

नव्हती. अध्यक्ष बाजूच्या कारकुनाला म्हणाले, "हरकतदारांना आवाज जाणवला नाही, असं लिहा." समितीचे हात वर झाले. डेटा सेंटरला गिरणीची जागा मंजूर झाली. चहा गार व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढासुद्धा लागला नाही.

भाऊजी काही तरी गमतीचं बोलायला हसत मागे वळले. सुनेनं तळव्यांनी बाळाचे कान झाकले होते. त्यांचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र माझ्या तोंडाकडे लागले. "वाजतंय?"

"हो, भाऊजी."

ते उठले, सरळ स्पीकरपाशी गेले आणि त्यावर हात ठेवला. हात तिथंच राहिला. रक्त कुणी काढून घ्यावं तसा चेहरा पांढरा पडला.

"साहेब, माझं बोलणं खोडा," ते म्हणाले. "मी बहिरा आहे."

पहिल्या रांगेत कुणी कुणाकडे बघेना.

"मंजुरी झाली, काका," अध्यक्ष म्हणाले. कंपनीच्या बाईंनी बटण बंद केलं. भाऊजींना तेही हाताखालीच कळलं असणार.

घरी आल्या आल्या भाऊजी पुढच्या खोलीतला आपला पलंग ओढायला लागले. सुनेला म्हणाले, "तू बाळाला घेऊन पुढं ये. मागं आम्ही झोपतो. मला काय होणार आहे!"

जाऊबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "अहो, तुमचे कान गेले. माझे शाबूत आहेत ना!"

भाऊजी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं," म्हणाले, आणि पलंग अर्धा आत, अर्धा बाहेर ठेवून त्याच्याच कडेला बसले.