चंद्रीची लाथ

फोन आला तेव्हा मी गोठ्यात शेण भरत होते. प्रभाकर भाऊजी गेले... माझे धाकटे दीर, परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात जनावरांचे डॉक्टर. मी फोन ठेवला आणि पुन्हा शेण भरायला लागले. दुसरं काही सुचलंच नाही.

आमची चंद्री आज दावणीला आहे ती भाऊजींमुळं. मागं तिला दगडी झाली. कास सुजून टणक, धारेला दुधाऐवजी गाठी. गावातल्या डॉक्टरांची इंजेक्शनं लागू पडेनात. जो तो म्हणायचा, इकून टाका. माझ्या आईनं दिलेली गाय ती, कशी इकू?

भाऊजींनी दूध तपासायला नेलं. आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "वहिनी, जंतू औषधाला भीतच न्हाईत. आपणच सवय लावली त्यान्ला." त्यांच्या प्रयोगशाळेत औषधाच्या जोडीला ओव्याचं तेल दिलं की काचेच्या ताटलीतले असले जंतू मागं हटायचे. "पण ताटली येगळी, गाय येगळी. जमंलच म्हणत न्हाई. करू का?"

"करा," मी म्हटलं.

मग रोज स्कूटरवर यायचे. इंजेक्शन द्यायचे, पातळ केलेलं तेल कासेला हळूहळू चोळायचे. चंद्रीला तो वास बिलकूल खपायचा नाही. रोज लाथ! "लय नखऱ्याची हाय तुमची माहेरवाशीण," गुडघा चोळत हसायचे.

सूज उतरली तसं आमच्या ह्यांनी उरलेलं इंजेक्शन फडताळात ठेवलं, पुढच्या जनावराला होईल म्हणून. आमच्याकडं सगळेच ठेवतात. कधी आवाज न चढवणारे भाऊजी त्या दिवशी कडाडले, "दादा, औषध असं अर्धवट सोडूनच तर जंतू शेफारलेत! तेल हाय म्हणून सुई बंद करायची न्हाई." चंद्री बरी झाली. तेलानं की सुईनं, असं विचारलं तर म्हणायचे, "दोन्हीनं असंल. एका गाईवरून कसं सांगू?" असला सरळ माणूस.

परवा धाकटी जाऊ आली. भाऊजींच्या पिशवीत निघालेली तेलाची बाटली तिच्या हातात होती. "घरात ठिववत न्हाई, टाकवत बी न्हाई," म्हणत तिनं गोठ्यातच बूच काढलं. ओव्याचा वास पसरला. चंद्रीनं कान टवकारले आणि सणकन लाथ झाडली, भाऊजी बसायचे तिथंच.

जाऊ खुदकन हसली... मग गव्हाणीला धरून खालीच बसली.

"अगं, न्हाईत ते आता," मी चंद्रीला म्हणाले. आणि बोलताना, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, मला रडू फुटलं.